डाव्या स्टिअरिंगची गाडी

ताई, लोक आता गाडीचं विचारू लागले.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशीच सुरुवात झाली. मंडपातल्या खुर्च्या अजून उचलल्या नव्हत्या. वंदना झाली होती, भंतेजी जेवून गेले होते, तुझ्या फोटोपुढच्या मेणबत्त्या वाऱ्यानं विझत होत्या आणि मी पुन्हा पुन्हा लावत होते. आपला मावसभाऊ विलास खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. आधी तुझ्याबद्दल बोलला, डोळे पुसले, मग म्हणाला, "कुसुम, त्या गाडीचं काय करतं वं? उभी राहून राहून सडून जाईन ते."

मी म्हटलं, "पाहू."

तेव्हापासून रोज कोणाला ना कोणाला "पाहू" म्हणते आहे. शाळेतल्या जुन्या बाई आल्या, त्यांनी विचारलं. किराणावाल्यानं विचारलं. परवा पुण्याहून एका गृहस्थाचा फोन आला. जुन्या गाड्या जमवतो म्हणे. त्याला तू गेल्याचं कुठून कळलं कोण जाणे. वाईट वाटलं म्हणाला आणि लगेच पुढच्या वाक्यात, "मॅडम, इंजिन ओरिजिनल आहे का?"

मी फोन ठेवून दिला. आधी हसू आलं. मग हसू गेलं आणि मी फोनपाशीच बसून राहिले.

मी थकले आहे, ताई. हे दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही, कारण सांगितलं की ते म्हणतात, आता तरी आराम करा. आता तरी म्हणजे काय? तुझं औषध, तुझी पेज, तुला कुशीवर वळवणं, चादरी धुणं, हे चालू होतं तेव्हा पाय दुखतो आहे हे कळायलाही सवड नव्हती. आता काहीच करायचं नाही आणि पायाचं लोखंडी कॅलिपर काढून ठेवलं तरी कमरेपासून खाली ठणका लागतो. दुखण्यालाही वाट पाहता येते, असं दिसतं.

गाडी आधी मी पाहिली, हे तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस.

धामणगाव बढ्याला बाबा जिनिंग फॅक्टरीत कापसाच्या गठाणी उचलायच्या कामावर होते. त्यांचा डबा द्यायला आपण दोघी जायचो. म्हणजे तू जायचीस आणि मी तुझ्या पाठकुळी असायची. पोलिओनं माझा डावा पाय नेला होता, कॅलिपर अजून मिळायचं होतं. सरकीच्या ढिगापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी होती. तुझं म्हणणं असं, की आपण दोघी एकदमच तिथं पोचलो, मग आधी काय आणि नंतर काय? पण ओझं वाहणाऱ्याची मान खाली असते. तू पायाखालचे दगड पाहत होतीस. मी वरून पाहत होते.

जिनिंगच्या शेठच्या मुलानं ती मुंबईत कुणा परत जाणाऱ्या परदेशी साहेबाकडून घेतली होती. इटलीची. इंजिन आणि सांगाडा आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्याच घराण्यातला, पण वरचं अंग निराळं. तिकडे काही कारागीर मोटार कंपनीकडून नुसता सांगाडा घेत आणि त्यावर पत्र्याचं अंग हातानं ठोकून बसवत, हे मला पुष्कळ पुढे वाचून कळलं. बाजारातून तयार सदरा आणणं आणि शिंप्याकडून मापानं शिवून घेणं, यात जो फरक तोच. दोन दारं, दोन माणसांपुरती जागा, आणि छत मागे असं उतरत गेलेलं, की ते कुठं संपतं हे डोळ्यांना कळू नये, बोट फिरवावं तेव्हा कळावं. रंग पारव्याच्या मानेसारखा. स्टिअरिंग मात्र डावीकडे. त्यामुळे शेठच्या घरात ती कोणालाच धड चालवता येईना, आणि एकदा शेडमध्ये गेली ती तिथंच राहिली.

मी पाटीवर तिचं चित्र काढलं होतं. ते पाहून तू म्हणाली होतीस, "घूस दिसते."

पुढे तू डॉक्टर झालीस आणि मी चित्रकलेची शिक्षिका. मी झाले असं लिहिते खरी, पण मला तू केलंस. कॅलिपर बसवायला मला मुंबईला तू नेलंस. चित्रकलेच्या कोर्सला तू घातलंस. लोणारच्या शाळेत जागा निघाल्याचं मला कळायच्या आत तिथल्या हेडमास्तरांना भेटून आलीस. साखरखेर्ड्याच्या सरकारी दवाखान्यात होतीस तेव्हा तिथलंच एक स्थळ आलं होतं मला. त्या माणसानं मला चालून दाखवायला सांगितलं, तशी तू उठलीस आणि त्याला दार दाखवलंस. मला विचारलं नाहीस. माझंही मत तेच होतं, ताई. पण ते माझ्या तोंडून निघायला हवं होतं.

हे तेव्हा बोलले नाही. गाडीच्या भांडणात बोलले, पण तोवर ते इतकं जुनं झालं होतं, की तुला ते स्थळच आठवेना.

नोकरी संपली की लोक प्लॉट घेतात, बुद्धगयेला जाऊन येतात. तू लोणारला माझ्याकडे राहायला आलीस, पुढच्या खोलीत छोटा दवाखाना मांडलास, आणि थोड्याच दिवसांत बाबांच्या एका सोबत्याच्या मयतीला म्हणून धामणगाव बढ्याला गेलीस ती ट्रकवर गाडी लादून परत आलीस. जिनिंग पाडत होते, शेड मोकळं करत होते, भंगारवाला दारात उभा होता. गाडीला टायर नव्हते, काचा नव्हत्या, सीटच्या जागी कोंबडीनं अंडी घातली होती. सारी गल्ली गोळा झाली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

"हे काय?" मी विचारलं.

"तुई घूस," तू म्हणालीस.

एवढंच. का आणलीस, ते कधी सांगितलं नाहीस. तुझ्या पाठीवरून पाहिलेली ती वस्तू माझ्या अंगणात, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर येऊन बसली होती.

मेहकरचे हमीदभाई म्हणजे पत्र्याचा माणूस. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. हमीदभाई ट्रकच्या केबिनी सरळ करायचे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, खिळखिळ्या दाराला हात लावला आणि म्हणाले, "डॉक्टरसाब, हे तर मुर्दा हाये."

तू म्हणालीस, "मंग मी तुमाले पोस्टमार्टम कराले बोलावलं काय?"

तिथून त्यांचं-तुझं जमलं. दर रविवारी आपण एसटीनं मेहकरला जायचो. मी त्यांच्या भिंतीवर खडूनं गाडीच्या सगळ्या बाजू काढून दिल्या होत्या, पूर्ण मापाच्या. हमीदभाई पत्रा ठोकायचे, भिंतीपाशी नेऊन धरायचे, मान हलवायचे, परत ठोकायचे. एक दार त्यांनी पहिल्यांदा बिघडवलं. पुट्टी भरभरून गुळगुळीत केलं आणि मी बोट फिरवल्याबरोबर ओळखलं. ते चिडले, पुढचे दोन रविवार बोलले नाहीत, मग सगळं खरवडून नव्यानं बसले. असं करत करत अंग तयार झालं.

एका रविवारी ते म्हणाले, "मॅडम, डावं मडगार्ड उजव्यापरीस दोन सूत फुगेल हाये. खोट हाये. ठोकून बरोबर करून टाकतो."

मी म्हटलं, "नका करू. हातानं केलेली आहे ती. एकाच माणसानं एक बाजू सकाळी केली असेल आणि दुसरी जेवण झाल्यावर."

"मंग त्या दिवशी जेवन जास्त झालं असन," हमीदभाई म्हणाले.

आणि तू, स्टुलावर बसून बिस्किट चहात बुडवत, "राहू द्या तसंच. आमच्या कुसूचे पाय बी कुठी सारखे हायेत? चालते ना."

परतीच्या एसटीत मी तुझ्याशी बोलले नाही. आज ते आठवलं की हसू येतं. त्या दिवशी नव्हतं आलं.

मग शाळेच्या परीक्षा आल्या आणि माझे काही रविवार चुकले. त्या मधल्या काळात तू एकटी जात होतीस. मी पुन्हा गेले तेव्हा गाडीला रंग लागला होता, पारव्याच्या मानेचा, अगदी तोच. मी दार उघडलं, आत वाकले, आणि तशीच राहिले. स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअरचा दांडा नव्हता. बोटाएवढा बारीक, टोकाला हस्तिदंती रंगाची गोटी असलेला. त्या गाडीच्या आत मला सगळ्यांत आवडलेली वस्तू तीच होती. त्याच्या जागी खालचा पत्रा कापून एक काळा जाड गिअर वर आणला होता, त्याच्या मुठीवर लाल बटण. पुढे आपल्याकडच्या एका व्हॅनचं इंजिन बसवलं होतं. चाकांना नवे ब्रेक. पायाशी पाहिलं तर पेडल दोनच.

"हे कोणं केलं?" मी विचारलं.

"जालन्याचा एक मेकॅनिक बोलावला होता," तू म्हणालीस. "पाह्य ना, क्लच नाही आता हिले. मुठीवरचं बटण दाबलं का क्लच आपोआप दबते. डावा पाय लागतच नाही."

"कोणाले लागत नाही?"

"तुले."

"मले विचारलं होतं तू?"

"विचारलं असतं तर नाही म्हनली असती."

"मंग नाहीच होतं ते, ताई!"

हमीदभाईंनी कॉम्प्रेसर बंद केला आणि चहाला निघून गेले. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. तुला पाठ आहे. तूही बोललीस. म्हणालीस, आयुष्यभर दुसऱ्याच्या पाठीवर आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून फिरलीस, आता माझ्यानंतर काय करशील? मी म्हटलं, ते माझं मी पाहीन. तू म्हणालीस, पाहीन म्हणजे कसं? मी म्हटलं, तुला कळणार नाही.

खरंच तुला कळलं नाही. त्या गाडीत मला बसायचं नव्हतं. मला ती पाहायची होती. एखादी गोष्ट नुसती पाहण्यासाठीही हवी असू शकते, हे तुझ्या डॉक्टरी डोक्यात कधी शिरलं नाही. तुझ्या लेखी जी वस्तू चालत नाही ती आजारी, आणि आजारी असेल तर तिला कापायला काय कोणाला विचारायचं?

आणि हेही तेवढंच खरं, की मी मोटार चालवू शकेन असं साऱ्या जगात फक्त तुला वाटलं. ते मला तेव्हाही कळत होतं. म्हणून तर इतका राग आला.

मी स्टिअरिंगला हात लावला नाही. मग तू चालवायला लागलीस, आणि तुझ्या उजवीकडे मी. आपल्या रस्त्यांवर डावीकडे बसून गाडी चालवायची म्हणजे पुढे ट्रक आला की संपलं. चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. दिसतं ते शेजारी बसलेल्याला. तू विचारायचीस, "जाऊ?" मी मान बाहेर काढून पाहायची. "थांब." "आता?" "थांब वं." "आता?" "जा." मी जा म्हटल्याशिवाय तू कधी ट्रकच्या पुढे काढली नाहीस. आयुष्यात तू माझं ऐकलंस ते एवढ्या एका ठिकाणी. मला ते फार आवडायचं. हे तुला सांगायचं राहिलं.

बाजाराच्या दिवशी तू साखरखेर्ड्याला जुन्या पेशंटांना पाहायला जायचीस. अशाच एका दिवशी, दुपारच्या उन्हात, रस्त्याच्या कडेला काळीपिवळी जीप बंद पडलेली आणि तिच्या सावलीत एक बाई पोट धरून बसलेली. शेजारी तिचा नवरा, हातात पिशवी. तू गाडी थांबवलीस, खाली उतरलीस, बाईच्या पोटावर हात ठेवलास. मग माझ्याकडे न पाहताच म्हणालीस, "कुसू, उतर."

गाडी दोघांची. मी उतरले. बाई माझ्या जागेवर बसली.

"पुढचं कोण पाह्यन?" मी विचारलं.

तू त्या बाईला म्हणालीस, "तू पाह्यजो. कळ आली तरी डोये उघडे ठेव."

आणि गेलात. त्या उजाड रस्त्यावर मी, तिचा नवरा आणि काळीपिवळीचा ड्रायव्हर. नवरा लाजून लांब बसला होता. बऱ्याच वेळानं जवळ आला, खिशातून भाजलेल्या शेंगा काढून माझ्यापुढे धरल्या आणि म्हणाला, "डॉक्टरीणबाई बरोबर नेतीन ना वो?"

मी म्हटलं, "ते कोणाले विचारत नाही. पण पोचवते बरोबर."

मी एसटीनं घरी आले. तू दिवेलागणीला आलीस, केस विस्कटलेले, ओचा माखलेला. "पोरगी झाली," म्हणालीस, बादली घेतलीस आणि अंगणात सीट स्वतः धूत बसलीस. मी दारातून पाहत होते. मला रस्त्यावर उतरवून दिल्याचं एक अक्षर तुझ्या तोंडून आलं नाही, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला तुझा अभिमान वाटत होता. तेही बोलले नाही. म्हटलं, "जेवण गार झालं."

तुझा आजार तूच ओळखलास. कॉटवर पडून, स्वतःच्या बरगडीखाली स्वतःची बोटं दाबून. मला हाक मारलीस आणि म्हणालीस, "यकृत वाढलं वं. बरं नाही हे." पुढे मोठ्या दवाखान्यानं तेच सांगितलं, फक्त जास्त शब्दांत.

औरंगाबादच्या फेऱ्या सुरू झाल्या. भाड्याच्या गाड्या. तुला परतीच्या वाटेवर उलट्या व्हायच्या. एक ड्रायव्हर नाक दाबून बसला. दुसऱ्यानं पुढच्या खेपेला फोनच उचलला नाही. त्या संध्याकाळी तू चावी माझ्यापुढे ठेवलीस. मी ती उचलली.

मी गाडी शिकले ती राग गेला म्हणून नाही, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते. भाडेवाल्यांना तुझी उलटी नको होती, म्हणून शिकले. साठी जवळ आलेली बाई, एक पाय लोखंडात, बैलबाजाराच्या मोकळ्या मैदानात गोल गोल फिरते आहे आणि शेजारी तू, गालफडं बसलेली, ओरडते आहेस, "बटन दाब! अवं सोड आता! पुढे पाह्य, बटनाकडे काय पाहून राह्यली?" कुंपणावर माणसं बसायची आपल्याला पाहायला. बुलढाण्याला लायसन्सच्या परीक्षेत साहेबानं माझ्या पायाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं. तू त्याच्याकडे असं पाहिलंस, की त्यानं मुकाट्यानं दार उघडून आत बसायला घेतलं.

मग जागा बदलल्या. आता उजवीकडे तू, आणि विचारायची मी. ताई, तू फार वाईट बघणारी होतीस. तुला दम नव्हता. सुलतानपूरच्या अलीकडे मी विचारलं, "जाऊ?" तू म्हणालीस, "जा, जा, जा!" आणि मी बाहेर काढते तर समोरून ट्रक. मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी थांबली. ट्रकवाला शिव्या देत गेला.

"दिसलं नाही तुले?" मी ओरडले.

"दिसलं न. निघून जाशीन असं वाटलं."

"तुले सदा असंच वाटते!"

तू हसायला लागलीस. हसता हसता पोट धरलंस. आणि श्वास परत आल्यावर म्हणालीस, "ब्रेक तर चांगले बसवले ना मी."

मी गाडी पुन्हा गिअरमध्ये टाकली.

त्या वर्षातलीच एक खेप. दवाखान्यातून निघालो, जालना मागे पडलं, तू बराच वेळ डोळे मिटून होतीस. मला वाटलं झोपलीस. मग डोळे न उघडता म्हणालीस, "आता परत नाही याचं, कुसू. आज डॉक्टरले सांगून आली मी. पुरे झालं."

मी गाडी चालवत राहिले. पुढे जागा दिसली तशी बाजूला घेतली, थांबवली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. डॉक्टरांनी उपचाराच्या अजून काही खेपा सांगितल्या होत्या. त्यानं थोडे महिने वाढतील असंही सांगितलं होतं. ते महिने तुझे होते, कबूल. पण थोडे माझेही होते की नाही?

"मले विचारलं होतं तू?" मी म्हटलं. तेच वाक्य. मला दुसरं सुचलं नाही.

"विचारलं असतं तर काय म्हनली असती?"

"थांब म्हनलं असतं."

"हाव," तू म्हणालीस. "म्हनून नाही विचारलं."

मग तू हात लांब करून माझ्या मांडीवर ठेवलास, कॅलिपरच्या पट्ट्यावर. लहानपणी तो पट्टा तूच आवळायचीस. एक गुराखी गाडीच्या काचेतून आत डोकावून गेला. मग मी बटण दाबलं, गिअर टाकला आणि तुला घरी आणलं.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे, आणि मला ते पुन्हा आठवायचं नाही. एक सांगते. तू गेलीस तेव्हा मी तुझी नखं कापत होते. सकाळ होती, ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. तूच म्हणाली होतीस, नखं वाढली, चादरीत अडकतात. एका पायाची झाली. दुसऱ्याकडे वळले तेव्हा तुझा पाय हातात जड लागला. मी वर पाहिलं. तू निघून गेली होतीस. तेव्हाही काही विचारलं नाहीस.

राहिलेली नखं मी कापली. मग माणसं बोलावली.

काल हमीदभाईंकडे जाऊन आले. तुझ्या मयतीला ते आले होते, फाटकापाशी टोपी हातात घेऊन शेवटपर्यंत उभे होते. जाताना म्हणाले होते, गाडी उभी ठेवू नका, बॅटरी उतरन. काल दुपारी जेवले, कॅलिपर चढवलं आणि निघाले. एकटी पहिल्यांदाच. पुढे सोयाबीनचा ट्रॅक्टर लागला. सांगणारं कोणी नव्हतं म्हणून त्याच्यामागून तशीच गेले. मागचे हॉर्न वाजवत राहिले. वाजवू दिले.

हमीदभाईंचे हात आता थरथरतात, काम मुलगा करतो. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि मुलाला मागच्या बाजूला पाठवलं. तो एक पोतं ओढत घेऊन आला. हमीदभाईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि त्यातून गिअरचा तो जुना दांडा काढून माझ्या हातात दिला. गोटीसकट.

"डॉक्टरसाब म्हनल्या होत्या, भंगारात टाका," ते म्हणाले. "मी टाकलं नाही. जुनं इंजिन बी हाये मागे, ताडपत्रीखाली. क्लच हाये. समदं हाये." मागे बोट दाखवलं. "तुमी म्हनान तर पयलेसारखी करून देतो. खालचा पत्रा जोडतो, हा दांडा बसवतो. जशी तुमी भिंतीवर काढली होती तशी. सांगा मॅडम, काय करू?"

ताई, मला कोणीतरी विचारलं.

मी दांडा हातात धरून बसले. वजनाला काहीच नाही. गोटी गार, गुळगुळीत. ज्या कारागिराला त्या गाडीत एवढीशी वस्तूही ओबडधोबड चालली नव्हती, त्याचा हात मला त्यात जाणवत होता. हमीदभाई घाई करत नव्हते. चहा आला. मला वाटत होतं, हो म्हणावं. इतक्या वर्षांनी ती गाडी पुन्हा तशी दिसेल, जशी मी तुझ्या पाठीवरून पाहिली होती. क्लच आला की मला चालवता यायची नाही, पण अंगणात उभी राहील. मी खुर्ची टाकून रोज पाहीन. तो पुण्याचा माणूसही खूश होईल. आणि तुला उत्तर मिळेल, कायमचं.

चहा संपला. मी दांडा पोत्यावर ठेवला.

"याला तेल लावून नीट ठेवा," मी म्हटलं. "टाकू नका. गाडी आहे तशीच राहू द्या. मागचा ब्रेक आवाज करतो, तेवढा पाहा."

"पक्कं?"

"पक्कं."

हे मी ठरवलं, ताई. तुझं बरोबर होतं म्हणून नाही. त्या दिवशी माझंच बरोबर होतं आणि अजूनही आहे. पण ऊन कलायला लागलं होतं, मला लोणारला घरी यायचं होतं, आणि गाडी चालवणारी मी एकटीच होते.